अंगठ्यावरची चामखीळ

सापगावच्या बाईजा सुइणीच्या हातांवर नऊ चामखिळी उठल्या, आणि मुरबाडकडून तिच्या विहिणीचा, गोजरचा, निरोप आला. असल्या हातांनी आमच्या सुनेचं बाळंतपण करायचं नाय, पोराच्या तोंडावर उठतील. आमी इथल्या रखमी सुइणीला बोलावू.

रखमीचं नाव ऐकताच बाईजाच्या तोंडचं पाणी पळालं. गोजरची सून म्हणजे बाईजाची लेक यमू. तिचं पहिलं पोर पायाळू होतं. पाय दिसले तसं रखमीनं धरून ओढलं. पोर गेलं, यमू कशीबशी वाचली. आता पुन्हा तीच बाई! बाईजानं ठरवलं, यमूला कळा लागायच्या आत हात साफ करायचे.

शहापूरच्या डॉक्टरनं एक कुपी दिली. रोज हात कोमट पाण्यात भिजवायचे, मेलेलं कातडं खरवडायचं, भोवती तुपाचं बोट फिरवायचं आणि काडीच्या टोकानं औषध नेमकं चामखिळीवर टेकवायचं. सहा आठवडे. यमूचे दिवस भरायला उरले होते सहाच.

बाईजानं नेम धरला. चार आठवड्यांत आठ गळाल्या, अंगठ्यावरची एक मेली हटेना. आता सांगा, एवढं सोसलं तिथं आणखी पंधरा दिवस जड होते का? पण जन्मभर लोकांच्या टाचांना बिब्बा लावलेली बाई ती. सुई तापवून बिब्ब्यात खुपसली आणि ते तेल अंगठ्याला लावलं. औषधानं सोललेलं कोवळं कातडं, वर ते तेलाचं बोट दोन्ही हातांना लागलेलं. बिब्बा उतला. दोन दिवसांत दोन्ही तळवे पाणफोडांनी भरले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तरी ती बैलगाडीत बसून मुरबाडकडे गेली, लेकीजवळ नुसतं बसायला. गोजरनं हात पाहिले आणि तिला पडवीतच बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी यमूला कळा लागल्या, दिवस भरायच्या आधीच. रखमीला बोलवायला माणूस धावला, तर ती दुसऱ्या गावी गेलेली. गोजर एकटीच आत गेली.

थोड्या वेळानं तिची हाक आली. पाय दिसत होते.

बाईजा उठून सरळ आत शिरली. गोजरनं अडवलं नाही, पोराचे पाय धरायला तिचे हात पुढं झालेच होते.

"विहीणबाई, ओढू नका. हात मागं घ्या. कळ येऊ द्या."

गोजर रडत म्हणाली, पोर अडकलंय. बाईजा म्हणाली, अडकलं नाय, ते आपल्या पायानं येतंय. यमूला गुडघ्यांवर बसवा. पोराची कंबर आली, आता नुसता खालून आधार द्या. दर कळेला ती सांगत होती आणि गोजर करत होती. बाईजानं स्वतःचे हात पदरात घट्ट गुंडाळले होते, फोड फुटून पदर ओला झाला होता. लेक समोर कण्हत होती आणि हिच्या हातांचा काही उपयोग नव्हता. जन्मात तिला स्वतःचा इतका राग आला नव्हता.

डोकं बाहेर आलं. पोर निळं, गप्प. "पाठ चोळा, जोरानं," बाईजा म्हणाली. गोजरनं चोळली. मग ते रडलं, आणि दोघी विहिणी खाली बसल्या.

पाचवीला सुइणीचे हात धुवायचा रिवाज. बाईजानं पाणी आणून गोजरपुढं ठेवलं, हात तुमचे लागले म्हणाली. गोजरनं तांब्या तिच्याकडून काढून घेतला. हळूहळू पाणी घालून बाईजाचे हात धुतले आणि प्रत्येक फोडाला खोबरेल लावलं. अंगठ्याशी तिचं बोट थांबलं. चामखीळ तशीच होती.

"कुपी आणलीत?" तिनं विचारलं.

बाईजानं कमरेची चंची दाखवली.

"फोड भरले की लावू. भोवती तूप मी फिरवीन. तवर घरी जायचं नाय."