कोर्राबिन टेकडीचं नाव

कोर्राबिन टेकडीवरच्या पाटीवर नगरपालिकेने लिहिलं होतं, ‘मंद वाऱ्यांचं विश्रांतिस्थान’. नाव आमच्या जुन्या भाषेतलं, पण हा अर्थ कुणी सांगितला, ते आम्हा मूळ रहिवाशांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून भाषेची अभ्यासक पेट्रा आमच्या समाजकेंद्रात आली आणि आपण मिळून खरा अर्थ शोधू म्हणाली. माझी डल्सीमावशी आणि तिचा धाकटा भाऊ व्हर्नमामा समोरासमोर बसले, तेव्हाच मी चहाला जास्त पाणी ठेवलं.

“कोर्रा म्हणजे डोकं,” मावशी म्हणाली.

“टेकडी,” मामा म्हणाला.

“तुझं डोकं टेकडीएवढं आहे, म्हणून तुला तसं वाटतं.”

“दोन्हींना एकच शब्द असेल का?” पेट्राने विचारलं.

दोघांनीही मान डोलावली. आपलंच बरोबर निघालं, याचा आनंद दोघांनाही घेता येईना.

मग गाडी ‘बिन’वर अडली. चहा ढवळता ढवळता मावशी थांबली.

“आई टपली मारताना म्हणायची. बिन, बिन.”

“मला नाही कधी मारली.”

“तू पळायचास. तुझ्या वाटणीच्याही मीच खाल्ल्या.”

लहानपणी मिशनऱ्यांच्या शाळेत आपली भाषा बोललं की आजीला, म्हणजे मावशी-मामाच्या आईला, शिक्षा व्हायची. पुढे ती घरातही इंग्रजीच बोलली. राग आला की मात्र तोंडातून आपली भाषा सुटायची.

“डोक्यात टपली? जागेला असं नाव कोण देईल?” पेट्रा म्हणाली.

“जाऊन बघू की,” मामा म्हणाला.

वसंतात आम्ही टेकडीवर गेलो. नगरपालिकेचा ग्रॅहॅमही आला. पाटी बदलायला तो राजी नव्हता.

“पर्यटक येतात हो, मावशी. त्यांना टपली कशी सांगायची?” म्हणत त्याने घाम पुसायला टोपी काढली.

निलगिरीच्या झाडावर मॅगपाय या काळ्यापांढऱ्या पक्ष्याची पिल्लं होती. त्यांचा बाप सरळ खाली झेपावला आणि ग्रॅहॅमच्या टकलावर चोच हाणून गेला.

“बिन,” मामा शांतपणे म्हणाला.

ग्रॅहॅम गाडीकडे पळाला. पक्षी वळून पुन्हा आला.

“बिन,” मावशी म्हणाली.

गाडीत बसल्यावर ग्रॅहॅमने पाटी बदलायचं कबूल केलं. खाली ‘टोपी घालून यावे’ असंही लिहायचं ठरलं.

परतताना मामा आणि मावशी आईचे रागातले शब्द आठवत होते. पेट्राने लिहून घेऊ का विचारलं.

“नको गं. फार वाईट आहेत,” मावशी म्हणाली.

“ताई,” मामा म्हणाला, “टेकडीखालच्या नदीचं नाव एकदा मोठ्याने म्हणून बघ. आईच्या तोंडचंच वाटेल.”

मावशीने ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं आणि खिडकीबाहेर तोंड करून हसायला लागली.