शेरीफाचं एक मत

टॉलिव्हर आधी वकील, मग केंटकीतल्या त्या रानवट परगण्याचा शेरीफ. वकिलीनं त्याला एक खोड लागली होती, ज्याला त्याला "तुमचंच बरोबर" म्हणायची. विधानसभेला उभे दोघं. सासरा मेजर प्रुइट आणि ओबेद लोहार. टॉलिव्हर दोघांनाही म्हणाला, "मला मत असतं तर तुम्हालाच!" म्हणायला काय जातंय? शेरीफाला मत नसायचंच. दोघं बरोबरीत सुटले तरच त्याचा कौल.

आणि नेमके बरोबरीत सुटले की!

त्या काळी मत म्हणजे कोर्टाच्या पायरीवर उभं राहून, उमेदवाराच्या तोंडावर मोठ्यानं नाव घ्यायचं. मग त्या उमेदवारानं टोपी काढून व्हिस्कीचा पेला द्यायचा. आता दोन्ही पेले टॉलिव्हरच्या नाकापुढं. समोर बायको, तबिथा, हाताची घडी घालून.

मनातून त्याला ओबेदच बरा वाटायचा. पण त्याचं नाव घेतलं की घर गेलं. मेजरचं घेतलं तर घोड्याला नाल कोण ठोकणार?

"बोला, जावईबापू," मेजर म्हणाला.

"बोल की! भट्टीपाशी कसा घडाघडा बोललास," लोहार म्हणाला.

टॉलिव्हरनं घसा खाकरला, टोपी काढली, परत घातली. नव्या नवरीनंही नाव घ्यायला इतके आढेवेढे घेतले नसते.

तेवढ्यात कोठडीच्या गजांतून ज्युबल ओरडला, "ओ शेरीफ, माझं मत राहिलंय!"

ज्युबलनं जज्जाच्या बुटावर तंबाखूची पिंक टाकली होती, म्हणून आत. पण गडी जमीनवाला, म्हणजे मतदार. टॉलिव्हरला देवच भेटला. धावत जाऊन त्यानं कुलूप काढलं.

ज्युबलनं दोन्ही पेले हुंगले. "लोहाराची कडक आहे. ओबेद!"

मेजर लालबुंद. "याला बाहेर कुणी काढलं?"

"कायद्यानं, मामंजी."

"किल्ली काय कायद्याच्या कमरेला होती?"

संध्याकाळी तबिथानं दाराला आतून कडी घातली. "बाबा राहायला आलेत. तुम्ही जा तुमच्या कायद्याकडं!"

कोठडी रिकामीच होती. टॉलिव्हर ज्युबलच्या पेंढ्यावर जाऊन बसला. थोड्या वेळानं गजांतून मक्याची भाकरी आत आली.

"मला मत असतं तर मीही ओबेदलाच दिलं असतं," तबिथा म्हणाली. "पण तोंडानं. तुमच्यासारखं किल्लीनं नाही."

"मग घरी येऊ?"

"बाबा गुरुवारी जाताहेत. तोवर पेंढा बदलून घ्या, वास मारतोय."