बारीक डोळ्यांचा राजा

मित्रांनो, माझ्या कपाळाला तडा गेला आहे, एक भुवई झुरळांनी खाल्ली आहे. तरी मी अजून राजाच आहे. मी ग्रीक शोकांतिकेतल्या राजाचा जुना मुखवटा.

कसबा पेठेतल्या रतन नावाच्या कारागिराने मला रद्दीच्या लगद्यातून घडवले. डोळ्यांची भोके त्याने मुद्दाम बारीक ठेवली. मग मी एका कॉलेजच्या रंगमंचावर आलो. नाटकातला राजा दवंडी पिटवतो, की शत्रूला वेशीचे दार उघडणाऱ्याला नगराबाहेर काढा. शेवटी कळते, की एका जखमी वाटसरूची दया येऊन दार राजानेच उघडले होते आणि त्यातूनच शत्रू आत शिरला होता. राजा स्वतःच नगराबाहेर चालू लागतो. प्रयोगानंतर मुले टपरीवर चहा पीत भांडत, त्याला शिक्षा व्हायला हवी होती का.

तेव्हा हडपसरला शेते जाऊन आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तिथून कॉलेजात येणारी अपेक्षा नावाची मुलगी मला घालून राजा झाली. तिचे वडील रावसाहेब प्रयोगाला आले होते. जमीन विकणाऱ्याने ग्रामदैवताच्या पालखीला खांदा द्यायचा नाही, असे त्यांनी जत्रेत सगळ्यांसमोर ठरवले होते. पहिला विकणारा निघाला त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, मच्छिंद्र. तेव्हापासून तो पालखीच्या मागून, लांबून चाले.

घरी येऊन अपेक्षाने मला ओसरीत खुंटीला टांगले.

“राजाचं मन चांगलं हुतं,” रावसाहेब म्हणाले. “पण शिक्षा झाली ती बराबर. बोलला न्हवं चारचौघांत?”

“आबा, कंपनीच्या रस्त्याला आपल्या रानातली पट्टी कुणी दिली?”

“म्या दिली. फुकट दिली. पोरांना नोकऱ्या लागतील म्हनून. त्याचं काय?”

“त्या रस्त्याखाली काकांचा पाट बुजला. पाणी तुटलं, म्हणून त्यांनी रान विकलं.”

“मला कधी बोलला न्हाई.”

“तुम्ही विचारलं होतंत?”

रावसाहेब उठले. त्यांनी मला खुंटीवरून काढून तोंडाला लावले आणि उंबऱ्यापर्यंत चालले. तिथे ठेचकाळले.

“यातनं पायाखालचं बी दिसत न्हाई गं,” ते म्हणाले. त्यांचा श्वास मला ओला लागला.

पुढच्या जत्रेला पालखी आमच्या दारावरून गेली. रावसाहेबांनी मच्छिंद्रला पुढे घातले आणि स्वतः मागे राहिले.

“दादा, या की खांद्याला. तुम्ही कुठं इकलंय?”

“इकायला लावलं न्हवं? चल, पालखी खोळंबवू नगं.”

मच्छिंद्रने आपल्या शेजारची जागा मोकळी ठेवली. पालखी एका अंगाला कलत गेली, पण ती जागा त्याने कुणाला घेऊ दिली नाही. रावसाहेब मागून, लांबून चालत राहिले.

त्यांना ही शिक्षा व्हायला हवी होती का? इतके प्रयोग केले, तरी मला सांगता येत नाही.

अपेक्षा आता परदेशी असते. मला वाळवी लागू लागली आहे. मित्रांनो, कधी इकडे आलात तर हलक्या हाताने माझी धूळ पुसा. आणि कुणाची शिक्षा ठरवायची असेल, तर त्याआधी मला तोंडाला लावून उंबऱ्यापर्यंत चालून बघा.