उद्या कुणावर नजर ठेवायची

केलनने वाकून चेंडूवर उजवा हात ठेवला आणि डाव्या हाताचं बोट शेजारच्या गड्याच्या मांडीला हलकेच लावलं. शेजारच्याने गुडघा किंचित उजवीकडे कलवला. मग चेंडू मागे गेला आणि सगळे उजवीकडे चालू लागले.

चालू लागले, पळाले नाहीत. सामन्याच्या आदल्या दिवशीची तालीम अशीच असते. डोक्यावर शिरस्त्राण नाही, अंगावर चिलखत नाही, कुणी कुणाला धक्का द्यायचा नाही. उद्या जी माणसं एकमेकांवर तुटून पडणार, ती आज आपापल्या जागेवरून नुसती चालत जातात आणि जिथे पोहोचायचं तिथे जाऊन मुकाट उभी राहतात. सरोवरावरचं धुकं मैदानात उतरलं होतं. हजारो रिकाम्या खुर्च्यांसमोर ते धिप्पाड लोक धुक्यात शिरत होते, धुक्यातून परत येत होते, आणि बुटांखालच्या गवताशिवाय कशाचाच आवाज नव्हता. इतकी वर्षं ही तालीम पाहूनही वेन्डल पाव्लिकला तिची भीती वाटायची. आज जरा जास्तच वाटत होती.

केलन पुन्हा वाकला. पुन्हा ते बोट, पुन्हा शेजारच्याचा गुडघा. या खेपेला डावीकडे.

वेन्डलच्या हातातला कॉफीचा कप तिरका झाला. पाठमोऱ्या केलनच्या सदऱ्यावर त्रेपन्न आकडा होता. तोच आकडा पाठीवर घेऊन वेन्डल याच जागी वर्षानुवर्षं वाकला होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये सेंटरचं काम म्हणजे दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि डोकं वर करायच्या आत समोरचा डोंगर अंगावर घ्यायचा. त्या कामात त्याच्या डोक्याला किती धक्के बसले याची मोजदाद कुणी केली नाही. शेवटच्या वर्षी तर डाव कुठल्या बाजूला जायचाय हे ऐकल्या ऐकल्या पुसलं जायचं. तेव्हा तो शेजारच्या स्टोशच्या मांडीला बोट लावायचा आणि स्टोश गुडघ्याने बाजू दाखवायचा. स्टोशने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही आणि तो आता थडग्यात होता.

म्हणजे जगात हे ठाऊक असलेला माणूस एकच उरला होता, आणि त्याच्या डोक्याचा भरवसा त्याला स्वतःलाच नव्हता.

तो डोळे मिटून थोडा वेळ बसला. हल्ली असं व्हायचं. मेलेली माणसं किराणा दुकानात दिसायची. बायकोला, डोरीनला, तो एकच गोष्ट सकाळभर विचारत राहायचा, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणायचा, "मी हे मघाशी विचारलं का?" ती म्हणायची, "नाही रे, पहिल्यांदाच विचारतोयस." ती खोटं बोलते हे त्याला कळायचं आणि तिच्याविषयी माया दाटून यायची. घरून निघताना ती दारात हात पुढे करून उभी राहायची, तळवा वर, काही न बोलता. तो गाडीची चावी त्या तळव्यावर ठेवायचा. आता गाडी तीच चालवायची, नाहीतर रोझान.

त्याने डोळे उघडले. मैदानावरचा त्रेपन्न नंबरवाला वळला. चेहरा केलनचाच होता, तरुण, गोरा, ओठांवर मिशीची नुसती रेघ असलेला. इतर गडी पांगून पाणी प्यायला निघाले तरी तो तिथेच उभा होता, सगळे कुठे निघालेत याचा अंदाज घेत.

रोझान मॅकेब शेजारी बसून फोनवर बोलत होती. रेडिओवर दर शनिवारी दुपारी ती आणि वेन्डल उद्याच्या सामन्याविषयी बोलत, आणि रविवारी सामन्याचं वर्णनही दोघंच करत. तीन आठवड्यांपूर्वी वेन्डलने चालू सामन्यात चेंडू फेकणाऱ्याचं नाव चुकीचं घेतलं होतं. ज्याचं घेतलं तो खेळाडू स्वर्गवासी होऊन जमाना लोटला होता. रेडिओच्या साहेबांनी रोझानला बोलावून स्पष्ट सांगितलं की आणखी एक चूक झाली तर खुर्चीवर दुसरा माणूस बसेल. तिने ते वेन्डलपासून लपवलं नाही. तशी ती सरळ बाई होती.

वेन्डलने तिला बोटाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. तिने फोन खिशात ठेवून नीट ऐकून घेतलं.

"मागच्या सामन्यात त्याच्या डोक्याला लागलं होतं, पण डॉक्टरांनी त्याला बरा ठरवलाय," ती म्हणाली. "सगळ्या तपासण्या झाल्या त्याच्या."

"माझ्याही व्हायच्या. शेवटपर्यंत मलाही बरा ठरवत होते."

रोझानने त्याच्या कोटावर सांडलेली कॉफी रुमालाने टिपली आणि अगदी हळू विचारलं, "वेन्डल, मनापासून सांग. तू केलनला पाहिलंस, की स्वतःला?"

त्याने पुन्हा मैदानाकडे पाहिलं.

दुपारी कार्यक्रम नेहमीप्रमाणे स्टेडियमसमोरच्या खाणावळीतून होता. खिडक्यांवर केलनच्या संघाचे, हॅमर्सचे झेंडे, तळलेल्या माशाचा वास, आणि दारापर्यंत माणसं. उद्याचा सामना जिंकला की हॅमर्स अंतिम फेरीत. हे शहर त्यासाठी एक पिढी थांबलं होतं. समोर कूगर्स होते, आणि ते काही लेचेपेचे नव्हते. लोकांनी वेन्डलच्या पाठीवर थापा मारल्या, एकाने त्याच्या डोक्यावर लोकरी टोपी चढवली. दारू ओतणाऱ्या बाईने बजावलं, की कूगर्सची फार तारीफ केलीस तर आज मासा मिळणार नाही.

माइक सुरू झाला आणि वेन्डलच्या जिवात जीव आला. इथे त्याला सगळं आठवायचं. त्याने समजावून सांगितलं की हॅमर्स चेंडू फेकण्यापेक्षा पळवण्यावर जगतात, आणि कूगर्सनी या मोसमात त्यांच्यासारख्या पळणाऱ्यांच्याच नाकी नऊ आणलेत. थंडीत चेंडू दगड होतो, बोटं बधिर होतात. फेकणारे फसतील, म्हणजे लढाई मधोमध होणार. आणि मधोमध कूगर्सचा होल्ट उभा आहे. तो समोरच्याला बाजूला ढकलत नाही, सरळ कपाळात शिरतो. रोझानने विचारलं, मग जिंकणार कोण? वेन्डल म्हणाला की दोन्ही संघ तोडीस तोड आहेत, आणि आपल्याला त्या बाईच्या हातचा मासा खायचाय, म्हणून हॅमर्स. खाणावळ हसली. रोझानही हसली, आणि तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं त्याला दिसलं.

शेवटचा प्रश्न दर आठवड्याला तोच असायचा. सगळी खाणावळ तो तिच्याबरोबर म्हणायची.

"वेन्डल, उद्या कुणावर नजर ठेवायची?"

तालमीत जे दिसतं ते बाहेर बोलायचं नाही, असा या धंद्यातला दंडक होता. तो मोडणाऱ्याला पुन्हा तालमीच्या दारातही कुणी उभं करत नाही. शिवाय आपण पाहिलं ते खरं होतं का? होल्टचं नाव घ्यावं, मासा खावा, घरी जावं. उद्या खुर्ची शाबूत.

"त्रेपन्नवर," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत तो थांबला.

"त्याने उद्या खेळू नये. बाजू कुठली हे त्याच्या लक्षात राहत नाही. तो शेजारच्याला बोट लावून विचारतो. होल्ट त्याच्या कपाळात शिरला तर तो उठेल, पण सगळा उठणार नाही. थोडा तिथेच राहील. त्याला कुणीतरी थांबवा."

खाणावळीत कढईतल्या तेलाचा आवाज ऐकू येऊ लागला. रोझानचा हात बटणाकडे गेला आणि रेडिओवर गाणं लागलं.

लोक चिडतील असं त्याला वाटलं होतं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण पलीकडच्या टेबलावरचा म्हातारा आपल्या बायकोला म्हणाला, "अगं, त्रेपन्न त्याचाच नंबर होता ना. बिचारा स्वतःबद्दलच बोलतोय." ते खाणावळभर पसरलं. माणसं वाट देऊन बाजूला सरली, कुणीतरी त्याचा कोट धरून उभं राहिलं, दारू ओतणाऱ्या बाईने न मागता माशाची पुडी बांधून दिली आणि त्याच्या गालाला हात लावला. वेन्डलला ते सहन झालं नाही. बाहेर पडताना रोझानचा फोन वाजला. ती फक्त "हो" म्हणत राहिली. उद्याची खुर्ची गेली हे त्याने ओळखलं.

बाहेर भर दुपारी दिवे लागले होते, इतकं धुकं होतं. रोझान गाडीचं दार उघडत होती. तेवढ्यात समोर थांबलेल्या एका ट्रकमधून कुणीतरी उतरलं आणि त्यांच्या दिशेने आलं. जवळ येईपर्यंत त्याला चेहरा नव्हता, नुसती अंगलट होती, आणि ती अंगलट वेन्डलची होती, तिशी गाठायच्या आतली.

"मिस्टर पाव्लिक? मी केलन." त्याने हात पुढे केला. पंजा मोठा आणि ऊबदार होता. "गाडीत रेडिओ लावला होता. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणीच नाही. मी सबंध मोसम तेच केलं. तूही करत असशील, म्हणून विचारलंस."

केलन हसला. पोरगा लाघवी होता, आईच्या हातचं खाऊन मोठा झालेला. आपण ठणठणीत आहोत, तो सांगू लागला. शेजारच्याला बोट लावायची नुसती सवय आहे, शकुनासारखी. तपासण्या झाल्या. आई आज संध्याकाळच्या विमानाने अलाबामाहून येतेय. तिने आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही, तिच्यासाठी कोट घेतलाय, लाल. तुमच्यावर राग नाही माझा, तो म्हणाला, वडील तुमचे सामने पाहायचे. हे सगळं तो नीट, अदबीने बोलला. आणि वेन्डलला क्षणभर खात्री पटली की रोझानचं बरोबर होतं. आपण एका धडधाकट पोराच्या अंगावर आपलं भूत घातलं.

"चुकलं असेल माझं," तो म्हणाला.

केलनने मान डोलावली. धुक्यात सरोवराकडून एक भोंगा वाजला, लांबलचक. केलनने तिकडे पाहिलं. भोंगा थांबला तरी तो तिकडेच पाहत राहिला. मग वळला, वेन्डलला पाहून त्याच्या चेहऱ्यावर तेच लाघवी हसू आलं, आणि त्याने हात पुढे केला.

"मिस्टर पाव्लिक? मी केलन. गाडीत रेडिओ लावला होता. कुणी सांगितलं तुम्हाला?"

हे घडलं, की आपल्याच डोक्यात तबकडी पुन्हा फिरली? हे तर आपलं होतं. हे दिवसातून किती वेळा व्हायचं. तो पंजा तसाच मोठा, तसाच ऊबदार होता. तो हातात घेऊन वेन्डलने सावकाश मान वळवली आणि रोझानकडे पाहिलं.

रोझान गाडीच्या दाराशी थिजली होती. ती वेन्डलकडे पाहत नव्हती. ती केलनकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आपण बरोबर होतो, हे वेन्डलला कळलं, आणि त्याला रडू आलं. ते त्याने गिळलं.

"कुणीच नाही," तो डोरीनसारखा, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा म्हणाला. "मी सबंध मोसम तेच केलं."

केलनचं हसू हळूहळू ओसरलं. त्याने वेन्डलकडे पाहिलं, मग रोझानकडे. शेजारच्याच्या गुडघ्याकडे पाहावं तसं तो दोघांच्या चेहऱ्यांवर काहीतरी शोधत राहिला.

"मी हे मघाशी विचारलं का?"

डोरीनचं उत्तर वेन्डलच्या ओठांवर आलं होतं.

"हो," तो म्हणाला, आणि त्याने हात पुढे केला, तळवा वर.

केलन त्या तळव्याकडे पाहत राहिला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याने खिशात हात घातला आणि ट्रकची चावी काढून वेन्डलच्या हातावर ठेवली.

"विमान संध्याकाळी येतंय," तो म्हणाला. "आईला आणायला जायचंय मला."

"रोझान नेईल आपल्याला," वेन्डल म्हणाला. "कोट घे बरोबर. लाल."

केलनने चमकून विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"