सतरा नंबरचा दगड

मित्रांनो, मी देव नाही. तलासरीजवळच्या एका पाड्याबाहेर, शेंदराच्या जाड थराखाली उभा असलेला मी हद्दीचा एक जुना दगड आहे. गेले आठ दिवस मला काळजीने घेरलं आहे.

गोऱ्या साहेबाच्या अंमलात जंगलाची हद्द आखली गेली, तेव्हा मला टेकडीवरून फोडून काढलं आणि अंगावर इंग्रजी आकड्यांत सतरा कोरलं. याच पाड्यावरच्या काकड्याने मला खांद्यावरून आणलं. त्याला वेठीला धरलं होतं. वेठ म्हणजे बिनमजुरीचं, नाही म्हणता न येणारं काम. त्याने खड्डा खणला आणि मला स्वतःच्याच भाताच्या खाचरात पुरलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्यापलीकडे नांगर घालणं हा गुन्हा झाला. शिक्षा पुन्हा वेठच.

काकड्या गेला. पुढच्या पिढीने रानाच्या कडेला उभा दगड पाहिला आणि वाघदेव समजून शेंदूर लावला. ज्यांचं शेत मी अडवलं, तेच मला नारळ देऊ लागले. मला फार अवघडल्यासारखं होई.

आता काकड्याची नात सोनूबाई हिने त्या शेतावर हक्क मागितला आहे. जुन्या नकाशात सतरा नंबरच्या दगडापलीकडे भातशेत दाखवलं आहे. दगड सापडला नाही तर दावा नामंजूर. नविन नावाचा सरकारी मोजणीदार आठ दिवसांपूर्वी सगळीकडे शोधून दमला आणि माझ्याच सावलीत बसून डबा खाऊन गेला.

काल त्याची शेवटची फेरी होती. सोनूबाई विळा घेऊन आली. आज्याने इथेच कुठेतरी साहेबाचा दगड पुरला होता, एवढं तिला ठाऊक होतं. देवाला खरवडतेस का, म्हणून बाया कुजबुजल्या. देव असेल तर समजून घेईल, असं म्हणत ती खरवडत राहिली. आधी एक दिसला, मग सात.

"आज्याला वेठीला धरून त्याच्याच खाचरात पुरून घेतला," ती म्हणाली. नविनने सुस्कारा सोडला. म्हणाला, "आजी, ज्यांनी केलं ते कधीच गेले. मी तर जन्मलोही नव्हतो. जमीन मिळाली की झालं ना?"

"तू नाय केलंस. या दगडानं पण नाय केलं. पण तो उभा कुठं हाय, बघ."

दावा मंजुरीचा हुकूम आला की दगड तुम्हीच काढून टाका, असं नविन म्हणाला, तेव्हा मात्र तिने विळा खाली ठेवला.

"आज्याकडून फुकट पुरून घेतला. काढायला तुमची माणसं आणा, मजुरी देऊन. आन् खड्डा भरून द्या."

नविनने कागद चाळले. त्यात खड्ड्याचा रकाना नव्हता. त्याने समासात लिहून घेतलं.

हुकूम अजून आलेला नाही, मित्रांनो. समासातलं कोणी वाचेल का, याचीच मला धास्ती आहे. मला पुरणारे गेले म्हणून मी हललो नाही. मला उचला, आणि खड्डा तसाच टाकून जाऊ नका.