चिठ्ठीशिवाय न उघडणारी पेटी

मित्रांनो, मी पत्र्याची पेटी आहे, वयाने चाळिशी ओलांडलेली. माझा हिरवा रंग कोपऱ्यांवर उडाला आहे, डावी कडी वाकडी आहे आणि झाकण लावताना वरून गुडघ्याने दाबावं लागतं. तुम्ही मला पाहिलंत तर बहुधा माझ्यावर दप्तर टाकून पुढे जाल. पण कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या सहा आंतरराष्ट्रीय शाळा मी आतून पाहिल्या आहेत. म्हणून थोडा वेळ माझं ऐका.

कर्जतच्या बाजारात कमालचाचांचं पत्र्याचं दुकान होतं. चाचा पत्रा कापायचे, कडा दुमडायचे आणि लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत बसायचे. घाईने ठोकलं की पत्रा रुसतो, असं ते म्हणत. माझं झाकण बसवायला त्यांनी अख्खी सकाळ घेतली. त्या दिवशी जानकीबाई नावाची एक तरुण मुलगी दुकानात आली. तिला माथेरानच्या एका हॉटेलात चादरी-उशांच्या खोलीत काम मिळालं होतं. मला ती तिच्यासोबत घेऊन गेली.

वर गाडी जात नाही, म्हणून मला घोड्यावर बांधलं. एका वळणावर घोडा घसरला आणि मी दगडावर आपटले. माझी कडी वाकली ती तेव्हा. जानकीबाई धावत आली आणि तिने आधी घोड्याचा पाय चाचपून पाहिला, मग माझ्याकडे वळली. मला जरा वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही.

बावीस वर्षं मी चादरी सांभाळल्या. पुढे हॉटेलचे मालक बदलले, नव्या मालकांनी नवी कपाटं आणली आणि जानकीबाई मला घेऊन खाली आली. नेरळच्या वाटेला तेव्हा एक मोठी शाळा नुकतीच उभी राहिली होती. तिच्या आवारात आंब्याची जुनी झाडं आहेत, म्हणून मी तिला आंब्याची शाळा म्हणते. तिथल्या प्रयोगशाळेत जानकीबाईला काम मिळालं. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर इंग्रजीत काहीतरी मोठं लिहिलेलं आहे, पण मुलं तिला मावशीच म्हणतात.

आता शाळांचं सांगते. या भागात अशा सहा शाळा झाल्या. अभ्यासक्रम परदेशी, परीक्षेचे पेपर बाहेरून येणारे. प्रत्येक शाळा आपापल्या कुंपणात. एका शाळेत विज्ञानाची एकच शिक्षिका असायची, आणि एखादा धडा जमला नाही तर विचारायला शेजारी कुणी नसायचं. म्हणून बारा वर्षांपूर्वी सहाही शाळांनी मिळून एक नेटवर्क केलं. त्याची दोन कामं ठरली. पहिलं म्हणजे दर महिन्याचं वार्तापत्र. ते सगळ्यांच्या फोनवर जायचं आणि कोणत्या शाळेत काय चांगलं झालं ते फोटोसकट सांगायचं. दुसरं काम शिक्षकांनी एकमेकांना शिकवण्याचं. एका शाळेने केलेलं साहित्य दुसरीला, दुसरीचं तिसरीला असं फिरवायचं ठरलं. त्यासाठी भक्कम पेटी हवी होती. जानकीबाईने मला पुढे केलं.

शाळांच्या खानावळींना भाजी पोचवणारा चांगो मला त्याच्या टेंपोत घालून दर पंधरवड्याला एका शाळेतून आधी आंब्याच्या शाळेत आणि तिथून पुढच्या शाळेत न्यायचा. शेजारी कोबी आणि बटाटे. माझ्या पोटात कधी मातीचे नकाशे, कधी कागदी फुप्फुसं, कधी तराजू. आणि सगळ्यात वर एक चिठ्ठी.

त्या चिठ्ठीवर तीन ओळी असत. कुणी केलं, काय केलं, काय फसलं. पहिल्या वर्षी चिठ्ठ्या इंग्रजीत येत. जानकीबाई चौथी शिकलेली. ती म्हणाली, "पेटी उघडतंय कोन, मांडतंय कोन? मी! मग मला वाचता येईल असं लिवा की." तेव्हापासून एवढ्या मोठ्या इंग्रजी शाळांची चिठ्ठी मराठीत येऊ लागली. जानकीबाई ती बोट ठेवून, एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचायची. तिसरी ओळ कुणी रिकामी सोडली तर पेटी परत जायची. "फसलंच नाय? मग केलंच नाय," असं ती चांगोला सांगायची. चांगो हसायचा. "मावशे, तू हेडमास्तर पायजे होतीस गं."

शिक्षक आधी चिडले. मग त्यांना सवय झाली. पुढेपुढे तर तिसरी ओळ पहिल्या दोघींपेक्षा लांब येऊ लागली, आणि तिच्याखाली दुसऱ्या शाळेची शिक्षिका उपाय लिहायची. मला अजून एक चिठ्ठी आठवते. "फुप्फुसाचा फुगा फुटला, वर्ग हसला, मी रडले." खाली दुसऱ्या अक्षरात लिहिलं होतं की जाड फुगा घ्या, माझाही फुटला होता.

खालापूरकडे ओढ्याकाठी एक लहानशी शाळा आहे. सहा शाळांत सगळ्यात धाकटी. मागच्या वर्षी तिथे आसिया नावाची विज्ञानाची शिक्षिका लागली. ती खालापूरचीच. नेमणूक एका वर्षाची होती आणि वर्ष संपताना कायम करायचं की नाही हे मुख्याध्यापक योगेंद्र सर ठरवणार होते. घरात नोकरी करणारी तीच पहिली, हे तिने मला भरताना एका मैत्रिणीला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं.

आसियाने सहावीला पाणी गाळायला शिकवलं. बाटली अर्धी कापून तिच्यात कापूस, कोळसा, वाळू आणि खडी असे थर भरले. मुलांनी ओढ्याचं गढूळ पाणी आणून वरून ओतलं. खाली नितळ पाणी पडलं. ग्लासमागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं दिसली. मुलं ओरडली, "स्वच्छ! स्वच्छ!" आसियाही टाळ्या वाजवत होती. नितळ दिसणारं पाणी पिण्यासारखं असतंच असं नाही, हे सांगायचं ती विसरली. योगेंद्र सर दारातून फोटो काढत होते. फोटोत सुमित नावाचा मुलगा ग्लास उंच धरून उभा होता. फोटो झाल्यावर तो ते पाणी प्यायला.

दुपारीच सरांनी बातमी वार्तापत्राला पाठवली. मुलांनी ओढ्याचं पाणी पिण्याजोगं केलं, असं तिच्यात होतं. दुसऱ्या दिवसापासून सुमित दोन दिवस शाळेत आला नाही. उलट्या आणि पोटदुखी. डॉक्टरांनी पाण्याचंच कारण सांगितलं. तो बरा झाला, पण तोपर्यंत बातमी सहाही शाळांत पोचून कौतुकही झालं होतं. येत्या शुक्रवारी आंब्याच्या शाळेत सहा शाळांची सहावीची मुलं जमणार होती. सगळ्यांनी असंच पाणी गाळायचं आणि शेवटी एकमेकांचं गाळलेलं पाणी प्यायचं, असा कार्यक्रम ठरला. नेटवर्कचे पाहुणे येणार होते.

आसिया सरांकडे गेली. मी तिथेच, ऑफिसात भिंतीशी होते.

"सर, दुरुस्ती पाठवायला हवी. मुलं पिणार आहेत."

"आसिया टीचर, या महिन्यात आपल्या सभासदत्वाची पाहणी आहे. एकशेचाळीस मुलं आहेत आपल्याकडे. नेटवर्कमधून बाहेर पडलो तर उद्या पालक दाखले मागतील."

"पण सुमित आजारी पडला."

"तिथे बाटलीबंद पाणी ठेवतील हो, ओढ्याचं कोण पितंय! पाहुणे जाऊ देत, मग छापू दुरुस्ती." मग ते म्हणाले, "तुमचं कायम होण्याचं पत्रही माझ्याच टेबलावर आहे. विसरू नका."

ते ओरडले नाहीत. ते वाईट गृहस्थही नाहीत. शाळा उभी करताना त्यांनी स्वतः भिंतींना रंग दिला होता. पण ते घाबरले होते.

आसिया माझ्याकडे वळली. तिने गाळणीच्या बाटल्या माझ्यात नीट रचल्या, वर चिठ्ठी ठेवली आणि तासाला गेली. तिसरी ओळ तिने खरी लिहिली होती. ती गेल्यावर सरांनी माझं झाकण उघडलं, चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि खिशात घातली. मी पत्र्याची. मला सगळं कळलं आणि काहीच करता आलं नाही.

गुरुवारी सकाळी चांगोने मला आंब्याच्या शाळेत उतरवलं. जानकीबाईने झाकण उचललं. आत हात घातला, बाटल्या बाजूला केल्या, तळ चाचपला.

"चिठ्ठी कुटं हाय रं?"

"मला काय म्हाईत मावशे, मी कोबीवाला."

तिने झाकण बंद केलं. इतक्यात हर्षला टीचर आल्या. शुक्रवारचा कार्यक्रम त्यांच्याकडे होता. "मावशी, बाटल्या मांडा ना पटकन. नव्वद मुलं येणार आहेत उद्या."

"चिठ्ठी नाय."

"अहो, वार्तापत्रात सगळं आलंय, फोटोसकट! चिठ्ठी कशाला?"

"वार्तापत्रात कुनाचं काय फसलंय कधी?" जानकीबाई म्हणाली, आणि माझ्यावर बसली. साठीची बाई, पण वजनदार. हर्षला टीचरना हसू आलं आणि रागही आला. शेवटी त्यांनी आसियाला फोन लावून तो जानकीबाईच्या हातात दिला.

"टीचर, तुमची चिठ्ठी नाय पेटीत."

"मी ठेवली होती मावशी." चिठ्ठी कुणी काढली ते आसियाला समजलं असणार. ठेवली होती, एवढं म्हणून ती थांबू शकत होती. तिचं पत्र टेबलावर होतं. ती म्हणाली, "मी सांगते. लिहून घ्या."

"माझ्या हातचं नको गं पोरी. उद्या कोन म्हनंल, म्हातारीने कायबाय लिवलं. तुझं नाव, तुझा हात."

आसियाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एसटीने कर्जत, तिथून रिक्षा. दुपारी ती प्रयोगशाळेत आली तेव्हा ओढणीने घाम पुसत होती. जानकीबाईने तिला पाणी दिलं आणि उठून माझं झाकण मोकळं केलं. आसिया जमिनीवर बसली आणि माझ्याच झाकणावर कागद ठेवून लिहू लागली. पेनचा दाब मला पत्र्यापर्यंत जाणवत होता. तिसऱ्या ओळीत तिने लिहिलं, "पाणी नितळ झालं. ते शुद्ध झालं असं मी मुलांना वाटू दिलं. एक मुलगा ते प्यायला आणि दोन दिवस आजारी होता." सरांनी चिठ्ठी काढल्याचं तिने लिहिलं नाही.

जानकीबाईने बोट ठेवून वाचलं. "आजारी" या शब्दाला हर्षला टीचर खुर्चीवरून उठल्या. उद्या पिण्याचा कार्यक्रम याच बाटल्यांनी होणार होता आणि बाटलीबंद पाणी कुणीही आणणार नव्हतं. त्यांनी उरलेल्या पाचही शाळांना फोन केले.

शुक्रवारी मुलांनी पाणी गाळलं, पण प्यायलं कुणी नाही. आसियाने ग्लास वर धरून विचारलं, "हे प्यावं का?" जवळजवळ सगळी मुलं हो म्हणाली. मग तिने सुमितला पुढे बोलावलं. त्याने दोन दिवसांत काय काय झालं ते इतकं सविस्तर सांगितलं की पाहुण्यांनी हातातली बिस्किटं खाली ठेवली. जानकीबाईने शेगडीवर पाणी उकळून दाखवलं. योगेंद्र सर मागे उभे होते, हाताची घडी घालून.

सभासदत्व गेलं नाही. पाहणीच्या कागदावर या चुकीबद्दल एक ओळ आली, आणि दुरुस्ती पुढच्या वार्तापत्रात शेवटच्या पानावर, फोटोशिवाय. आसियाचं कायम होणं मात्र सहा महिने पुढे गेलं. शिक्षकांच्या खोलीत दोघीतिघींनी तिच्याजवळ बसणं सोडलं. शाळेचं नाव हिने घालवलं, असं त्यांना वाटे. मी परत ओढ्याकाठच्या शाळेत आले होते, त्याच खोलीच्या कोपऱ्यात. ती भिंतीकडे तोंड करून डबा खायची आणि झाकण आवाज न करता लावायची. तसे कितीतरी दिवस गेले.

पुढच्या फेरीत मी भरून तयार असताना सर एकटे आले. त्यांनी आसियाच्या चिठ्ठीशेजारी आपली चिठ्ठी ठेवली. आंब्याच्या शाळेत जानकीबाईला ती वाचायला फार वेळ लागला. "सायबाचं अक्षर म्हंजे कोंबडी चालून गेल्यासारखं," ती पुटपुटली. मग तिने वाचलं, "कुणी केलं, मी. काय केलं, न विचारता बातमी पाठवली. काय फसलं, टीचरची चिठ्ठी मी काढून घेतली."

चांगो दारात उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. जानकीबाईने मला उघडं ठेवून सगळं साहित्य मांडलं.

दिवाळीनंतर आसिया कायम झाली. आता चिठ्ठ्याही फोनवरून जातात. साहित्य कुरिअरने जातं आणि मी जानकीबाईच्या खोलीत असते. पावसाळ्यात माझ्या तळाला गंज चढतो. तुमच्याही घरात अशी पत्र्याची पेटी असेल. तिला ओल लागू देऊ नका, वर्षातून एकदा खोबरेल तेलाचं फडकं फिरवा, ती तुमच्या मुलांनाही पुरेल.

आणि मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या वर्गात कुणी उभं राहून "माझं चुकलं" असं म्हणालं, तर त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याच्या बाकावर जाऊन बसा. त्याला एकट्याने डबा खाऊ देऊ नका.