नळीवरची वेळ

डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलीला ही गोळी लागू पडत नाहीये." इतक्या थंडपणे म्हणाल्या, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लागू पडत नाही म्हणे! अहो, पोर माझी अकरा वर्षांची. घरात आम्ही तिला भिंगरीच म्हणतो. जेवताना चारदा उठणार, एक बूट घालून दुसरा शोधायला जाणार आणि तिथंच खिडकीशी रमणार. वर्गात बाई बोलत असतील तेवढ्यात हिचं मन कुठल्या कुठं. आणि गेल्या दीड महिन्यात, रोज सकाळी ही एक गोळी घेऊन, पोरीनं आख्खं पुस्तक वाचलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. वाचून झाल्यावर मला येऊन म्हणाली, "आई, संपलं." मी भांडी घासत होते, साबणाच्या हातांनीच तिला जवळ घेतलं.

"तिच्या वर्गशिक्षिकेनं वागणुकीचा फॉर्म चांगला भरलाय ना, मॅडम?"

"भरलाय. तुम्हीही भरलाय. पण ताई, आई आणि शिक्षक दोघांनाही मूल सुधारावं असंच वाटत असतं. म्हणून तर आपण रक्तातली खूण शोधतोय."

त्यांचा अभ्यास असा. चंचल मुलांच्या रक्तातलं एक द्रव्य गोळी सुरू करण्याआधी मोजायचं आणि दीड महिन्यानं पुन्हा मोजायचं. आकडा उतरला तर गोळी चालू. नाही उतरला तर ती बंद, दुसरी सुरू. भिंगरीचा आकडा उतरायच्या ऐवजी चांगला वर चढला होता.

"सोमवारपासून दुसरी देऊ," त्या म्हणाल्या.

"तीन आठवड्यांवर वार्षिक परीक्षा आलीय. दुसरी नाही लागली तर?"

"मग पाहू."

पाहू! यांचं काय जातं पाहायला? मागच्या वर्षी पोर जेमतेम वर गेली होती. यंदा पहिल्यांदा ती स्वतःहून दप्तर उघडत होती, आणि ही बया मला 'पाहू' म्हणत होती.

"ही खूण खरी आहे याची तुम्हाला तरी खात्री आहे का?"

"नाही. असती तर अभ्यास कशाला केला असता? पण नियम सगळ्यांना सारखे आहेत आणि तुम्ही त्यावर सही केलीय. तुम्ही तर लॅबमधल्या. रक्त खोटं बोलत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं?"

याच इस्पितळात एकोणीस वर्षं मी रक्त काढतेय. रक्त खोटं बोलत नाही हे खरं, पण नळी हाताळणारे गाढवपणा करतात, हेही मला पक्कं माहीत. हे द्रव्य रक्तपेशींच्या आत ठासून भरलेलं असतं. नळी बर्फात ठेवून पंधरा मिनिटांत मशीनवर फिरवली नाही, तर पेशी फुटतात, आतलं बाहेर येतं आणि आकडा चढतो. म्हणजे कुणीतरी माझ्या पोरीची नळी लोळत ठेवली होती. आणि मशीन कोण चालवतं, तेही मला ठाऊक होतं.

जिना उतरून थेट तळघरात गेले. मशीनवर मामा होते. नात्याचे नव्हेत, निवृत्तीला आलेला माणूस, सगळं इस्पितळ त्यांना मामा म्हणतं. मी आल्या आल्या तोंडाचा पट्टा सोडला. "डोळे फुटलेत का तुमचे? चहा ढोसत बसला असाल! तुमच्यापायी माझ्या पोरीची गोळी बंद होतेय!" चौघं काम सोडून बघत राहिली. मी म्हटलं, बघा, खुशाल बघा.

मामांनी मला बोलू दिलं. मग रजिस्टर उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"रक्त काढलं नऊ वीसला. माझ्याकडे आलं नऊ पंचवीसला. फिरवलं नऊ तीसला. सांग आता, कुठं लोळली? आणि नळीवरची नऊ वीस कुणी लिहिलीय, तेही सांग."

मी लिहिली होती. आणि नऊ वीसला भिंगरी शाळेत होती. मीच तिला सोडून आले होते.

स्टूल ओढून बसले.

आमच्याकडे नियम आहे, स्वतःच्या माणसाचं रक्त स्वतः काढायचं नाही. नव्या मुलींना मीच दरडावून सांगते. पण पोर माझी, तिला दुसऱ्या कुणी का टोचावं? सकाळी आठला, कुणी यायच्या आत, तिला खुर्चीत बसवलं. पोर सारखी हलत होती. पहिल्यांदा शीर निसटली, दुसऱ्यांदा सापडली, तर रक्त थेंब थेंब यायला लागलं. मी सिरिंज जोरात ओढली, नळीत जोरात ढकललं. ती रडायला लागली, शाळेला उशीर झाला होता. नळी ट्रेमध्ये तशीच ठेवली आणि तिला घेऊन धावले. परत आले तेव्हा सव्वानऊ होऊन गेले होते. नळी फेकायला हवी होती. पण फेकली तर पोरीला पुन्हा टोचायचं! म्हणून नळीवर नऊ वीस लिहिलं, ती बर्फात घातली आणि विसरून गेले. विसरले म्हणजे काय, विसरायचं ठरवलंच होतं मी.

"फिरवल्यावर वरचं पाणी लालसर दिसलं होतं, पेशी फुटल्यासारखं," मामा हळूच म्हणाले. "दुसऱ्या कुणाची असती तर फेकूनच दिली असती. तुझ्या पोरीची, म्हणून म्हटलं जाऊ दे, कशाला पुन्हा टोचा तिला."

"कुणी सांगितली होती तुम्हाला ही दया?" मी किंचाळलेच.

"तुला कुणी सांगितली होती?"

वर जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. तेव्हा कुठं त्या बाईला राग आला. चष्मा काढून टेबलावर आपटला. "एकेक आकडा तपासत रात्री काढतोय आम्ही, आणि तुम्ही त्यात खोटी वेळ घुसडलीत? दुसऱ्याच्या मुलीच्या नळीवर कुणी असं लिहिलं असतं, तर काय केलं असतंत तुम्ही?"

"उभा सोलला असता," मी म्हटलं.

"मग बसा आणि लेखी द्या."

लिहून दिलं. एक अक्षर लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी रक्त मामा काढणार आणि मी खोलीबाहेर थांबणार, असं ठरलं.

दाराच्या काचेतून बघत होते. मामा पोरीशी काहीबाही बोलत होते, ती हसत होती. सुई आत गेली तरी तिनं हाताचं बोटसुद्धा हलवलं नाही. मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून नळीवर वेळ लिहिली, नळी बर्फात खुपसली आणि या वयात जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

शनिवारी आकडा आला. उतरला होता, चांगला उतरला होता. मॅडम म्हणाल्या, "हीच गोळी चालू ठेवू." त्याच हातानं त्यांनी मला मेमो दिला. तीन महिने रक्त काढायचं नाही, खिडकीवर बसून पावत्या फाडायच्या. एकोणीस वर्षांनी! घ्यायलाच हवा होता, घेतला. पण घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. मॅडमचा राग आला होता, मामांच्या त्या दयेचा आला होता, आणि सगळ्यात जास्त या कार्टीचा. मामांपुढं कशी शहाण्यासारखी बसली!

"का गं," दारातच तिला धारेवर धरलं, "मामांनी टोचलं तर जागची हलली नाहीस. मग माझ्यापुढंच कशी गं तुझी वळवळ चालू होते?"

भिंगरी मोजे काढत होती. मान वर करून तिनं माझ्याकडे सरळ बघितलं.

"मी नाही हलत, आई. तुझा हात थरथरतो. मग मला भीती वाटते."

आणि उरलेला मोजा काढून ती आत गेली. एवढी पेटले होते मी, आणि आता कुणावर ओरडायचं तेच मला कळेना.